किट कारचं स्टीअरिंग सगळ्यात शेवटी घ्या

किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरीच बांधायची गाडी, बांधायला घेणारा माणूस पहिली खरेदी बहुतेक वेळा स्टीअरिंगची करतो. चासी (गाडीचा सांगाडा) अजून वेल्डिंगच्या रांगेत असते, इंजिन कुठल्या गाडीचं काढायचं तेही ठरलेलं नसतं, पण मोमोचं किंवा नार्डीचं चकचकीत स्टीअरिंग घरी येऊन पडलेलं असतं. हौस समजण्यासारखी आहे. गाडीच्या शेकडो भागांपैकी सतत हातात राहणारा भाग तोच. पण सुरक्षिततेच्या बाजूने पाहिलं तर हा क्रम उलटा आहे. तो का उलटा आहे हे एकदा समजलं की बेल्ट, सीट, रोल बार (गाडी उलटल्यास डोकं वाचवणारी नळीची कमान) आणि एअरबॅग यांच्याबद्दलचाही निम्मा गोंधळ मिटतो.

आधी थोडी ओळख. किट कारचं खरं माहेर ब्रिटन. चासी, बॉडीची पॅनेलं, सस्पेन्शनचे दांडे, नट-बोल्टच्या पिशव्या असा माल खोक्यांतून घरी येतो; इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंग कॉलम (स्टीअरिंगमागचा दांडा) वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढतात. त्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात. फोर्ड एस्कॉर्ट आणि सिएरा हे वर्षानुवर्षांचे आवडते डोनर, अलीकडे माझ्दा एमएक्स-५. या नादाला जोर आला तो कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हन या स्पोर्ट्स कारमुळे. ती १९५७ साली आली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही. म्हणजे शनिवार-रविवार घाम गाळायची तयारी असेल तर स्पोर्ट्स कार खिशाला परवडायची. १९७३ साली व्हॅट आला आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. कर वाचत नाही तरी लोक बांधतातच, आणि सेव्हनच्या धर्तीवरच्या गाड्या तिथे आजही घरोघरच्या गॅरेजांत उभ्या राहतात.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत स्टीअरिंग, त्यामागचा कॉलम, सीट, बेल्ट, एअरबॅग आणि पुढचा चेपणारा भाग हे सगळं एकमेकांचा हिशोब धरून बनवलेलं असतं. बेल्ट किती ताणला जाणार, त्यामुळे छाती किती पुढे येणार, तोवर एअरबॅग किती फुगलेली असणार, हे गाड्या भिंतीवर आदळवून जमवलेलं असतं. किट बांधणाऱ्याकडे आदळवायला दुसरी गाडी नसते. त्याच्याकडे सुटे भाग असतात आणि प्रत्येक भागाच्या खोक्यावर ‘सेफ्टी’ लिहिलेलं असतं. पण सुरक्षा ही संचाने येते. अर्धा संच बसवला तर काही वेळा काहीच न बसवण्यापेक्षा वाईट होतं. पुढे याची दोन-तीन ठळक उदाहरणं येतीलच.

कॉलम

समोरून धडक बसली की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. चालकाचं शरीर पुढे जातं आणि गाडीचा पुढचा भाग मागे दबतो. स्टीअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, पुढे, अ‍ॅक्सलजवळ असतो. त्याला एका सरळ, अखंड दांड्याने स्टीअरिंग जोडलेलं असेल तर रॅक मागे सरकताना तो दांडा भाल्यासारखा छातीकडे येतो. जुन्या गाड्यांत चालक याच प्रकाराने मरायचे. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना यावर नियम लावला. युरोपात लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा बारावा नियम सांगतो की ताशी ४८.३ किलोमीटरने भिंतीवर आदळल्यावर कॉलमचं वरचं टोक १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये.

हे साधायचे मार्ग ठरलेले आहेत. एक तर दांडा दोन नळ्यांचा करायचा, एकीत एक घुसणारा, मध्ये प्लॅस्टिकच्या खिळ्या. धक्का बसला की खिळ्या तुटतात आणि दांडा आखडतो. किंवा चालकाच्या छातीपासून रॅकपर्यंत सरळ रेषाच ठेवायची नाही. मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारे सांधे) घालून दांड्याला कोपर द्यायचा, म्हणजे मागे येणारा जोर कोपरात मोडतो. बऱ्याच किटमध्ये दोन्ही असतं.

घोळ होतो तो इथे. डोनरचा कॉलम किटच्या चासीला लांब पडतो, म्हणून लोक तो कापतात. आखडणारा भाग नेमका कुठे आहे हे न बघता कापला तर सुरक्षेचा तुकडाच भंगारात जातो आणि उरतो तो अखंड दांडा. वरून बघून कुणाला कळतही नाही. त्यामुळे कॉलम कापण्याआधी किटवाल्याचा नकाशा बघा, आणि कापायचाच असेल तर त्याने सांगितलेल्या जागीच. स्टीअरिंगच्या दांड्यावर घरी शिकाऊ हाताने वेल्डिंग करू नये. हे वाक्य मी सौम्य करणार नाही. तयार जोडदांडे मिळतात, स्प्लाइनसकट, म्हणजे टोकाच्या दात्यांसकट.

युनिव्हर्सल जॉइंटचीही एक खोड आहे. जॉइंट वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा दांडा एकसारखा फिरवला तरी दुसऱ्या बाजूचा कमी-जास्त वेगाने फिरतो. कोन ३० अंशांचा असेल तर हा वेग एका फेरीत मूळ वेगाच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा झुलतो. हाताला हे ‘स्टीअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं’ असं जाणवतं. दोन जॉइंट असतील आणि त्यांचे कोन सारखे असतील, तर दोघांचे काटे (जॉइंटची दुबेळकी टोकं) एकमेकांशी नीट जुळवून बसवल्यावर एकाची चूक दुसरा खातो. एक स्प्लाइन मागेपुढे झाला तर जुळणी बिघडते; नव्वद अंशांनी चुकलं तर दोन्ही चुकांची बेरीज होते. नवीन बांधलेल्या गाडीचं स्टीअरिंग विचित्र लागतंय म्हणून रॅक बदलण्याआधी हे तपासा. फुकटात होणारी दुरुस्ती आहे.

बसायची जागा ठरल्यावर व्हीलचं माप

स्टीअरिंगचा घेर, खोली, दांड्याची लांबी हे सगळं तुम्ही कुठे आणि कसे बसता यावर ठरतं. सेव्हनसारख्या गाडीत माणूस जवळजवळ जमिनीलगत, पाय लांब करून बसतो. मांड्या आणि व्हील यांच्यामध्ये जागा फार नसते. म्हणून आधी सीट तात्पुरती बसवा, पेडल जागेवर लावा, गाडी चालवताना जे बूट घालणार तेच घालून बसा. पुठ्ठ्याचा गोल कापून झाडूच्या दांड्याला ठोका आणि कुणाला तरी तो समोर धरायला सांगा. खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ केला की मनगट व्हीलच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. म्हणजे नेहमीच्या पकडीत कोपर वाकलेला राहतो. छातीच्या हाडापासून व्हीलच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटिमीटर राहू द्या. क्लच पूर्ण दाबून आणि सोडून बघा, मांडी घासते का. हे दहा मिनिटांचं काम केल्यावर जो आकडा येतो तो कॅटलॉगमधल्या फोटोपेक्षा खरा.

आता घेर, म्हणजे इथे व्हीलचा व्यास. कारखान्याच्या गाड्यांचं व्हील साधारण ३७० ते ३८० मिलिमीटरचं असतं. किट कारमध्ये लोक २८० ते ३५० च्या आसपास जातात. घेर कमी केला की हाताला तेवढाच जोर जास्त लावावा लागतो. ३८० वरून २८० वर आलात तर त्याच वळणाला सुमारे ३६ टक्के जास्त. किटचं नाक हलकं असल्याने पॉवर स्टीअरिंगशिवाय हे बहुधा निभावतं, पण पार्किंगमध्ये जागच्या जागी फिरवताना खांदे बोलतात. दुसरं म्हणजे लहान व्हीलच्या कडेआड स्पीडोमीटर लपतो. गाडी चालवताना तो दिसलाच पाहिजे, नोंदणीआधीच्या तपासणीतही ते बघतात.

‘डिश’ म्हणजे व्हीलची कड मध्यभागापेक्षा किती मागे, तुमच्याकडे, आलेली आहे ते. कॉलम आखूड पडला असेल तर खोल डिशने भरपाई होते. तळाशी सपाट केलेलं व्हील मांडीला जागा देतं, दिसायलाही रेसिंगचं वाटतं. पण ज्या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेऱ्या लागतात तिथे अर्ध्या फेरीनंतर तो सपाट भाग भलत्या जागी हाताला येतो. रॅक जलद, म्हणजे कमी फेऱ्यांत चाकं पूर्ण वळवणारा, असेल तरच घ्या. कातडं की स्वेड? स्वेडची पकड हातमोजा घातल्यावर खुलते. बिनछपराच्या गाडीत ब्रिटनच्या पावसाने ते भिजतं आणि उन्हाळ्यात घामाने मेणचट होतं. रस्त्यावरच्या गाडीला माझं मत साध्या कातड्याला. लाकडी कड देखणी असते, पण जोराचा मार बसल्यावर लाकूड चिरतं हे ध्यानात ठेवून घ्या.

व्हील थेट कॉलमवर बसत नाही. मध्ये ‘बॉस’ असतो: एका बाजूला कॉलमच्या स्प्लाइनवर बसणारं भोक, दुसऱ्या बाजूला व्हीलचे सहा बोल्ट. स्प्लाइन म्हणजे दांड्यावरचे बारीक उभे दाते. ते डोनरप्रमाणे बदलतात, त्यामुळे बॉस डोनरचं नाव सांगूनच घ्यायचा. ‘जवळपास बसतोय’ असा बॉस ठोकून बसवू नका. दाते चपटे होतात आणि पुढे कधीतरी व्हील दांड्यावर नुसतंच फिरतं. बोल्टच्या बाजूलाही एक सापळा आहे. मोमो, स्पार्को, ओएमपी यांचे सहा बोल्ट ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्डी आणि पर्सनलचे ७४ वर. फरक एवढा बारीक की भोकं थोडी कानशीने वाढवली तर बसेल असं वाटतं. वाढवू नका. दोन्हीला चालणारे बॉस मिळतात.

नकली मालाचा इथे सुळसुळाट आहे. नावाजलेल्या शिक्क्याचं व्हील चौथाई किमतीत दिसलं तर मागच्या बाजूला कोरलेला जर्मन मान्यतेचा केबीए क्रमांक शोधा. बॉस आणि क्विक रिलीज यांच्या बाबतीत तर स्वस्ताईचा मोहच नको. व्हीलची कड सैल झाली तर चिडचिड होते, बॉस तडकला तर गाडी वळत नाही.

क्विक रिलीज म्हणजे एक कडी मागे ओढली की अख्खं व्हील हातात येतं. अरुंद गाडीत आत-बाहेर करायला याचा खरंच उपयोग होतो. रेसिंगमध्ये तो अपघातानंतर चालकाला लवकर बाहेर काढण्यासाठी असतो. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत त्याची कडी पिवळ्या रंगाची हवी, म्हणजे मदतीला आलेल्याला शोधत बसावं लागत नाही. स्प्लाइनवर बसणारा प्रकार घ्या. नुसत्या खिळ्यांवर किंवा षटकोनावर बसणारा वापराने लवकर ढिला होतो. आणि व्हील परत लावल्यावर स्वतःकडे जोरात ओढून बघायची सवय हाताला लागली पाहिजे. आणखी एक: क्विक रिलीजची जाडी दोन-तीन इंच असते आणि ती व्हीलला तेवढंच तुमच्या छातीकडे आणते. पुठ्ठ्याच्या मापात ती धरायला विसरू नका.

एअरबॅग आणि बेल्ट

डोनरचं एअरबॅग असलेलं स्टीअरिंग तसंच लावलं तर? हा प्रश्न हमखास येतो. एअरबॅग स्वतः ठरवत नाही कधी फुटायचं. सेन्सर आणि संगणक मिळून ठरवतात, आणि त्यांचं गणित त्या डोनरच्या वजनावर आणि तिचं नाक किती मिलिसेकंदांत किती चेपतं यावर बसवलेलं असतं. तेच सामान नळ्यांच्या चासीवर, जेमतेम निम्म्या वजनाच्या गाडीत टाकलं तर ते उशिरा फुटेल, खड्ड्यात फुटेल किंवा फुटणारच नाही. यातला ‘उशिरा’ सगळ्यात वाईट, कारण तोवर तोंड पिशवीपाशी पोचलेलं असतं. म्हणून बहुतेक किट कारमध्ये एअरबॅग नसते आणि ब्रिटनच्या तपासणीत ती मागतही नाहीत. काढलेल्या पिशवीत स्फोटक भरलेलं असतं. बॅटरी सोडवून, थांबून, मगच जोड काढायचा आणि पुढची विल्हेवाट जाणकाराकडे सोपवायची.

एअरबॅग नाही म्हणजे सगळी मदार बेल्टवर. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ साली आणलेला तीन टोकांचा बेल्ट रस्त्यावरच्या गाडीसाठी आजही उत्तम आहे. रीलमुळे वाकून हँडब्रेक गाठता येतो, आणि घाईतही तो लावला जातो. तरी लोकांना चार टोकांचं हार्नेस हवं असतं. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, मध्ये बकल, अगदी ट्रॅकवरच्यासारखं.

आता चार टोकांच्या हार्नेसचा दोष बघा. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नव्हे, खाली कुल्ह्याच्या हाडावर बसायला हवा. हाड जोर झेलतं, पोट झेलत नाही. पण खांद्यांचे पट्टे कमरेच्या बकललाच येऊन मिळतात. ते आवळले की बकल वर ओढलं जातं आणि कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर सरकतो. धडकेत शरीर त्याखालून पुढे घसरतं. याला सबमरीनिंग म्हणतात, आणि आतड्यांना, यकृताला होणाऱ्या इजा यातूनच येतात. पाचवा किंवा सहावा पट्टा दोन पायांमधून येतो तो बकल खाली धरून ठेवायला. दिसायला अवघडल्यासारखं वाटतं म्हणून लोक नेमका तोच गाळतात. हे अर्ध्या संचाचं पहिलं उदाहरण.

खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधले यावरही बरंच अवलंबून आहे. ते खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे, थोडेसे उतरते जायला हवेत. मागे जागा नाही म्हणून सीटमागच्या फरशीला बांधले तर ते खांद्यावरून सरळ खाली वळतात. ४५ अंशांच्या उताराला पट्ट्यातल्या ताणाचा ७० टक्के भाग खांदे खाली दाबण्यात जातो; म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा तुमचा पाठीचा कणा वरून चेपत असतो. सीटच्या मापाआधी बेल्टच्या जागा ठरल्या पाहिजेत त्या यासाठी.

पट्टा ज्या बोल्टला लागतो तो सात-सोळांश इंची, बारीक आट्यांचा, खास बेल्टसाठीचा असतो. तो पातळ पत्र्यात बसवून चालत नाही. मागे जाड पट्टी किंवा चासीच्या नळीत वेल्ड केलेली बुशिंग हवी. किती जोर यायचा याचा अंदाज घ्यायचा तर मोटारींसाठीच्या युरोपीय चाचणीत तीन टोकांच्या बेल्टच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे पावणेचौदाशे किलोच्या आसपास ओढ लावतात. फायबरग्लासच्या बॉडीला लावलेला बोल्ट यात कागदातून टाचणी निघावी तसा निघून येईल.

रस्त्यासाठी बेल्टवर ‘ई’ची खूण लागते आणि बकल लाल बटण दाबून सुटणारं हवं. रेसिंगच्या हार्नेसवर एफआयएचं लेबल असतं, त्यावर वर्ष असतं, आणि ते बनवलेल्या वर्षानंतर पाच वर्षांनी स्पर्धेसाठी बाद होतं. जुन्या रेसिंग गाडीतून निघालेलं ‘जवळजवळ नवं’ हार्नेस स्वस्तात मिळतं ते यामुळेच. पट्टा उन्हाने आणि ताणाने थकतो, डोळ्यांना ते दिसत नाही.

हार्नेस छाती घट्ट धरतं, तेव्हा पुढे जाण्यासाठी मोकळं उरतं ते फक्त डोकं. पाचेक किलोचं डोकं, वर हेल्मेट. २००१ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्यानंतर त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकी शर्यतींच्या संघटनेने आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने मान सांभाळणारं हॅन्ससारखं उपकरण सक्तीचं केलं. ट्रॅकवर जाणार असाल तर हार्नेस, हेल्मेट आणि हॅन्स हे तिन्ही एकत्रच घ्या.

रोल बार

उघड्या गाडीत रोल बार हवाच, यात वाद नाही. गाडी उलटली आणि हार्नेसने तुम्हाला ताठ बांधून ठेवलेलं असेल तर डोक्यावर नळी नसणं म्हणजे जमिनीवर गाडीचा सगळ्यात उंच भाग तुमचं डोकं. एफआयएच्या नियमांत मुख्य कमान शिवणीविना ओढलेल्या कार्बन स्टीलची, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाड, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाड अशी असते. पाण्याच्या नळाचा पाइप वाकवून केलेली कमान ही शोभेची. ती चासीला कुठे टेकते हेही बघायचं. फरशीच्या पत्र्यावर उभी असेल तर पत्रा फाडून खाली जाते.

बसल्यावर हेल्मेटचा माथा कमानीच्या वरच्या रेषेखाली निदान ५० मिलिमीटर राहिला पाहिजे. उंच माणसाने सीटची गादी पातळ करावी लागली तरी चालेल.

पण डोक्याभोवती नळ्यांचा पूर्ण पिंजरा? रस्त्यावर चालवताना तुम्ही हेल्मेट घालत नाही. डोक्याशेजारून जाणारी लोखंडी नळी ट्रॅकवर जीव वाचवते, आणि बाजूने बसलेल्या साध्या धक्क्यात उघडं डोकं तिच्यावरच आपटतं. भोवतीचा मऊ फोम हेल्मेटसाठी बनवलेला असतो, कवटीसाठी नव्हे. म्हणून रोजच्या रस्त्यासाठी मागची भक्कम कमान आणि तिचे तिरके टेकू एवढंच पुरे, असं माझं मत. हे अर्ध्या संचाचं दुसरं उदाहरण.

बाकी दोन-तीन छोट्या गोष्टी पटकन. फोर्डच्या अनेक डोनरांत धक्का बसल्यावर पेट्रोल पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. तो भंगारात टाकू नका, नव्या गाडीत लावा. बॅटरी तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हाताला येईल असा ठेवा. अग्निशामक घ्या, पण तो पत्र्याच्या पट्टीने घट्ट धरलेला हवा. सैल बाटली धडकेत स्वतःच इजा करते.

परीक्षा

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी नोंदणीआधी आयव्हीए म्हणजे इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल या तपासणीला न्यावी लागते. २००९ पर्यंत तिचं आधीचं रूप एसव्हीए होतं. तपासणी डीव्हीएसए ही सरकारी संस्था करते, आणि ती बरीच काटेकोर असते. परीक्षकाच्या हातात एक गोळा असतो, १६५ मिलिमीटरचा, साधारण डोक्याएवढा. धडकेत डोकं जिथे पोचू शकतं तिथे डॅशबोर्डवर तो गोळा फिरवतात. त्याला जी कड लागेल ती गोलाई दिलेली हवी. बाहेरच्या बाजूला १०० मिलिमीटरचा गोळा आणि निदान अडीच मिलिमीटरची गोलाई. हौसेने लावलेले अ‍ॅल्युमिनियमचे टोकदार टॉगल स्विच इथे मार खातात. गंमत म्हणजे व्हीलच्या थेट मागचा भाग आणि त्याभोवतीचा १२७ मिलिमीटरचा पट्टा यातून सुटतो, कारण तिथे आधी व्हील आडवं येतं. स्विच तिथे सरकवून अनेकांनी डॅशबोर्ड वाचवले आहेत.

व्हीलवरही नजर असते: धारदार कड, बाहीचं बटण किंवा बांगडी-अंगठी अडकेल अशी फट किंवा भोक, मध्यभागी उघडे बोल्ट. भोकं पाडलेले तीन अ‍ॅल्युमिनियमचे स्पोक आणि मध्यात सहा बोल्टांची डोकी हे रेसिंग व्हीलचं रूप इथे अडचणीत येतं. मध्ये जाड मऊ पॅड असलेलं साधं व्हील सहज पास होतं.

आणि एक पेपर ज्यात चांगले चांगले नापास होतात: स्टीअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येणं. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा वरून मागे कललेली असते, त्यामुळे टायर जमिनीला टेकतो ती जागा त्या रेषेच्या मागे पडते आणि गाडी पुढे जाताना चाक मागे ओढलं जाऊन सरळ होतं. या कलाला कॅस्टर म्हणतात. डोनर बराच जड होता, किटचं नाक त्याच्या नाकापेक्षा खूप हलकं. ओढ कमी पडते आणि व्हील वळलेलंच राहतं. कॅस्टर वाढवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. त्याआधी मात्र कॉलमचा बुश आवळून बसलाय का आणि युनिव्हर्सल जॉइंट कुठे अडतोय का ते पुढची चाकं उचलून, एका बोटाने व्हील फिरवून बघा.

आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणायची अशी सरळ वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. पण हे सगळं प्रत्यक्ष हाताळणारी मुलं आपल्याकडे आहेत: कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी इंजिनीअरिंगची पोरं एका सीटची गाडी स्वतः बांधतात. तिथले नियम वरच्या चर्चेचा अर्कच आहेत. व्हीलची कड अखंड हवी, आत वळलेली नको. क्विक रिलीज हवाच. व्हीलवर मोजलेली ढिलाई सात अंशांच्या आत. आणि पूर्ण बांधलेल्या चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे.

आणि आपल्या नेहमीच्या हॅचबॅकमध्ये अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून ‘स्पोर्टी’ स्टीअरिंग बसवणाऱ्यांसाठी: तुमच्या जुन्या व्हीलमध्ये एअरबॅग आहे. ती गेली, बेल्टचा ताण तिच्या भरवशावर बेतलेला होता तो तसाच राहिला, वर कलम ५२ चा भंग झाला. अर्ध्या संचाचं हे तिसरं उदाहरण, आणि तेही पदरचे पैसे मोजून.

ब्रिटनमध्ये बरेच जण आयव्हीएला मऊ पॅडचं व्हील लावून जातात आणि कागद हातात आले की घरी येऊन भोकांच्या स्पोकवालं चढवतात. करणार असाल तर विमा कंपनीला लेखी कळवा, कारण दाव्याच्या वेळी फोटो काढतात. नवं व्हील बसवताना चाकं सरळ ठेवून बसवा, मधला नट टॉर्क रेंचने आवळा, सहा बोल्ट समोरासमोर आळीपाळीने घट्ट करा, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा.